लारीवरून शाखांपर्यंत: बडोद्याच्या सँडविचवाल्यांचे तुमचे अनुभव सांगा

सुरसागरकर:
नमस्कार मंडळी. बडोद्यात एका लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सुरू झालेलं सँडविच आता शहरभर शाखांमध्ये मिळतं, आणंद-भरूचकडेही त्यांच्या पाट्या दिसायला लागल्या आहेत. कोणाबद्दल बोलते आहे ते इथल्या बहुतेकांना कळेल. नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका ही विनंती. मला त्यांची बदनामी नको, सुधारणा हवी आहे. शाळेत असल्यापासून त्यांच्याकडचं खातेय, म्हणूनच मनाला लागतं.

गेल्या आठवड्यात आई-बाबांना अलकापुरीकडच्या शाखेत नेलं. बाबांना नवीन कवळी बसवली आहे, अजून नीट चावता येत नाही. गल्ल्यावरच्या मुलाला सांगितलं, "एक साधं व्हेज, ग्रिल नको, कडा काढून, चटणी अगदी कमी." त्याने स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, कडा काढायचं यात येत नाही." मी म्हटलं, मागे कारीगर उभा आहे, त्याला तोंडी सांगा. तर म्हणे, "तो चिठ्ठी बघूनच बनवतो." सँडविच आलं ते कडांसकट, चटणी नेहमीएवढीच, वर शेवेचा ढीग. बाबांनी शेव बाजूला सारली, मधला मऊ भाग तेवढा खाल्ला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून "छान आहे गं" म्हणाले.

लारी होती तेव्हा हेच बाबा लांबून दिसले तरी कारीगर काकडी पातळ कापायला घ्यायचा. शाखा काढायला माझी काही हरकत नाही. पण गिऱ्हाईक काय सांगतंय ते सँडविच कापणाऱ्यापर्यंत पोचायलाच हवं, एवढं माझं ठाम मत आहे. तुम्ही कुठल्या शाखेत जाता, काय अनुभव आले? आणि असं ऐकलं जात नसेल तर नेमकं काय करावं?

खारीबिस्किट:
अगदी अगदी! आमच्या लेकीला कांदा चालत नाही. दर वेळी सांगायचं, दर वेळी एक तरी चकती निघतेच.

तिखटजाळ:
हिरवी चटणी पातळ झाली आहे. बाकी काही म्हणणं नाही, पण हे कोणीतरी लिहायलाच हवं होतं.

फतेगंजचा_जुना:
सुरसागरकर ताई, तुमच्या बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण लारीच्या दिवसांबद्दल थोडं वेगळं सांगतो.

मी युनिव्हर्सिटीत होतो तेव्हा रात्रीचं जेवण म्हणजे फतेगंजची लारी. चव अजून जिभेवर आहे. पण तिथे पाण्याची एक बादली असायची आणि तिच्यातच सगळ्या थाळ्या बुडवल्या जायच्या. एकाच फडक्याने फळीही पुसायची, सुरीही आणि हातही. पार्सल वर्तमानपत्राच्या कागदात. पावसाळ्यात आमच्या खोलीतलं कोणी ना कोणी पोट धरून पडलेलं असायचंच, आणि तेव्हा आम्ही मेसला दोष द्यायचो.

आज त्याच लोकांच्या शाखेत वाहतं पाणी आहे, कारीगरांच्या डोक्यावर टोप्या आहेत, बसायला जागा आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. माझी बायको लारीवर कधी आली नाही, शाखेत आनंदाने येते. ही लहान गोष्ट नाही. मला शाखा हवी आहे, आणि तुमची मागणीही मला पटते.

अकोट्याची_माई:
वर्तमानपत्राच्या कागदाचा विषय निघालाच आहे तर. खाद्यपदार्थ त्यात गुंडाळायला २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांनी मनाई आहे. छपाईच्या शाईत शिसं असू शकतं, गरम आणि तेलकट पदार्थाला ती लागते. बटर लावलेला टोस्ट म्हणजे दोन्ही आलं. तरी अजून कित्येक लाऱ्यांवर तेच चालतं. मी घरून डबा नेते आणि "भाई, आमां आपजो" (यात द्या) म्हणून पुढे करते. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

कारेलीबागची_सून:
माझं सासर जैन, माहेर रावपुऱ्यातलं मराठी. त्यामुळे सँडविच खायला जाणं आमच्याकडे साधी गोष्ट नसते.

जैन सँडविच म्हणजे बटाटा, कांदा, लसूण, बीट काही नाही. बटाट्याच्या जागी उकडलेली कच्ची केळी, चटणी बिनलसणाची. यादीत ते आहे, स्क्रीनवरही आहे, वर पैसेही जास्त घेतात. पण मी काचेपाशी उभी राहून बघत होते. कारीगराने आधीच्या माणसाचं मसाला टोस्ट कापलं, सुरीच्या पात्याला बटाट्याचा पिवळा मसाला चिकटलेला, आणि त्याच सुरीने आमची काकडी कापायला घेतली. मी थांबवलं. त्याने लगेच सुरी बदलली, कुरकुर न करता. पण फळी तीच राहिली. आणि ग्रिलचं मशीनही सगळ्यांचं एकच.

माझ्या सासूबाई पर्युषणात बाहेरचं काहीच घेत नाहीत, तो प्रश्न नाही. पण एरवी त्या ज्या विश्वासाने "जैन" असं लिहिलेलं वाचून खातात, त्या विश्वासाचे पैसे हे लोक घेतात. मग एक वेगळी फळी आणि एक वेगळी सुरी ठेवायला काय हरकत आहे? कडा काढण्याची सोय नाही म्हणाले तर मी समजून घेईन. हे समजून घेणार नाही.

निझामपुरावासी:
+१. फळीवर हिरवी पट्टी लावून वेगळी ठेवली तरी काम होईल.

मांडवीचा_केटरर:
ही साखळी माझी नाही, पण धंदा जवळून पाहतो, म्हणून आत काय चालतं ते सांगतो. चीड येण्यासारखं त्यात फार काही नाही.

शाखा तीन-चारच्या वर गेल्या की चटणी, बटाट्याचा मसाला, भाज्यांचं स्टफिंग एका मोठ्या स्वयंपाकघरात बनतं आणि सकाळी टेम्पोने शाखांवर जातं. चटणी दुपारपर्यंत काळी पडू नये, डब्यातून ओतता यावी म्हणून थोडी पातळ ठेवतात. तिखटजाळ, तुमचं उत्तर बहुतेक त्यात आहे. प्रत्येक सँडविचमध्ये मसाला किती ग्रॅम, चीज किती, ग्रिल किती मिनिटं, सगळं ठरलेलं. कारीगर बदलला तरी चव तीच राहावी म्हणून हे करावं लागतं. आणि कारीगर सारखे बदलतात. दिवसभर ग्रिलसमोर उभं राहण्याचं काम आहे, शेजारच्याने थोडा पगार वाढवून दिला की माणूस गेला.

आता चिठ्ठी. गल्ल्यावरून ऑर्डर टाकली की मागे छापील चिठ्ठी येते. चिठ्ठीवर जे नाही ते कारीगराच्या दृष्टीने सांगितलेलंच नाही. रविवारी रात्री आठ वाजता समोर चिठ्ठ्यांची माळ लटकत असते, तेव्हा तोंडी सांगितलेलं खरंच हरवतं. पण जवळजवळ सगळ्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरखाली दोन शब्दांची सूचना टाकायची जागा असते. गल्ल्यावरच्या मुलाला ती कोणी शिकवत नाही, एवढंच. ताई, तुमच्या बाबांचं "कडा काढून" तिथे लिहिता आलं असतं.

जैन फळीबद्दल मात्र मी कारेलीबाग ताईंच्या बाजूने आहे. तिथे सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही.

सुरसागरकर:
केटरर दादा, फार उपयोगी माहिती. पुढच्या वेळी हेच सांगून बघते.

बिलवाचक:
खाण्याबद्दल सगळे बोलले, मी बिलाबद्दल बोलतो. घरी आल्यावर बिल वाचायची सवय लावा.

साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. छोट्या दुकानाने कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना) घेतली असेल तर तो कर त्याने स्वतः भरायचा असतो, गिऱ्हाईकाच्या बिलात वेगळा लावता येत नाही. तेव्हा बिलावर जीएसटी क्रमांक आहे का आणि कर कशाचा लावलाय, ते बघा.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. तक्रार करायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो, म्हणून बिल फेकू नका.

सर्व्हिस चार्ज तर आपोआप लावताच येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ४ जुलै २०२२ ची आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. नको म्हणा, काढून द्यावाच लागतो.

आणि बिल करायच्या आधी "मोबाईल नंबर?" असं विचारतात ना, तो देणं बंधनकारक नाही. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की नंबरासाठी अडून बसू नका. मी "नंबराशिवाय करा" म्हणतो, होतं.

खारीबिस्किट:
नंबर दिल्यापासून मला रोज मेसेज येतात. "आज बुधवार, एकावर एक फ्री." आमच्या ह्यांना आता माझा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण सँडविचवाल्यांना राहतो.

वाघोडियारोड:
@बिलवाचक, पाण्याच्या बाटलीचं काय? वीसची बाटली तीसला दिली. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे ना?

बिलवाचक:
दुकानात विकत घेतली तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. पण हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून मागवली तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा आणि सेवाही असते, म्हणून छापील किमतीचं बंधन नाही. साधं पाणी मागा, ते देतात.

वाघोडियारोड:
पटलं नाही, पण कळलं. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला सेवा म्हणायला माझं मन तयार नाही.

पुण्यातली_बडोदेकर:
धागा वाचून भूक लागली. बडोद्याला गाडी पोचली की आमचा क्रम ठरलेला: आधी सेव उसळ, मग सँडविच, मग सासर. सासूबाईंना माहीत आहे, त्या फोन करून विचारतात, "सँडविचपर्यंत पोचलात का? कुकर लावू?"

रावपुरेकर:
सेव उसळीचं नाव काढलंत! तिखट तरी, वर शेव, बाजूला पाव आणि कांद्याची पात. त्यापुढे सँडविच म्हणजे आजारी माणसाचं खाणं.

तिखटजाळ:
रावपुरेकरांना अनुमोदन. पण धागा भरकटतोय.

आणंदवाली:
मी परत रुळावर आणते. चीजबद्दल कोणी काहीच कसं बोललं नाही?

मी आणंदची, जिथे १९४६ मध्ये अमूल सुरू झालं. आमच्या गल्लीतले कित्येक जण सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध भरतात. त्यामुळे चीजच्या नावाखाली दुसरं काही खाल्लं की मला राग येतो. बाजारात वनस्पती तेलापासून केलेलं चीजसारखं काहीतरी मिळतं, स्वस्त असतं. ते विकायला बंदी नाही, पण त्याला चीज म्हणून विकायला आहे. दुधाची चरबी काढून तेल घातलं की ते ऍनालॉग, आणि तसं सांगावं लागतं.

ओळखायचं कसं? कुठलाही घरगुती उपाय खात्रीचा नाही, व्हिडिओ बघून फसू नका. सरळ विचारायचं, "पाकीट दाखवता का?" मी आमच्या इथल्या शाखेत विचारलं. कारीगराने हसत हसत फ्रीजमधून लादी काढून दाखवली, खऱ्या चीजची होती. तेव्हापासून निर्धास्त खाते. जिथे पाकीट दाखवायला टाळाटाळ होते, तिथे मी साधं व्हेज घेते.

फतेगंजचा_जुना:
हे आवडलं. विचारलं तर दाखवतात, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

समारोड:
सगळ्या तक्रारी रास्त आहेत, पण एक चांगला अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आठवतोय ना? आमच्या भागात घराघरात पाणी, वीज नाही, रस्त्यावर मगरी. याच साखळीच्या आमच्याकडच्या शाखेत कमरेपर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर मी तिथून जात होतो. दुकानातले कारीगर फ्रीज रिकामे करत होते. बटरची खोकी, चीजच्या लाद्या, ब्रेडचे क्रेट, सगळं महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत. मी विचारलं, बंद पाकिटं आहेत, धुऊन वापरता आली नसती का? त्यातला एक वयस्क कारीगर म्हणाला, "साहेब, फ्रीज बंद होतं, आता हे कोणाच्या लेकराला द्यायचं?" शेठ तिथे नव्हता, कोणी बघत नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस दुकान बंद राहिलं. उघडलं तेव्हा आधी भिंती धुतल्या, नवीन फ्रीज आले, मग सँडविच.

म्हणून माझं म्हणणं आहे की माणसं चांगली आहेत. त्यांच्यापर्यंत आपलं म्हणणं पोचत नाही, हे सुरसागरकर ताईंचं निदान बरोबर आहे.

कारेलीबागची_सून:
समारोड, वाचून भरून आलं. हाच कारीगर माझ्यासमोर असता तर त्याने फळीही बदलली असती असं वाटतं.

गरब्याची_राणी:
नवरात्रीत रात्री गरब्यानंतर कोणी गेलंय का? चणिया-चोळी सावरत रांगेत उभं राहायचं, पायाचे तुकडे झालेले असतात, आणि त्या वेळी जे चीज-चिली टोस्ट मिळतं त्याची सर कशालाच नाही. तेव्हा कडा, चटणी, बिल काही आठवत नाही!

निझामपुरावासी:
घरपोच मागवणाऱ्यांनी ग्रिल मागवू नका, खोक्यात वाफ धरते आणि ब्रेडचा लगदा होतो. मागवायचंच असेल तर सूचनेत "खोक्याला भोकं पाडा" लिहा. ऍपवर लिहिलेली सूचना चिठ्ठीवर छापून जाते, दुकानात तोंडी सांगितलेली जात नाही. केटरर दादांचं म्हणणं इथेही लागू.

मांजलपूरचा_दुकानदार:
माझं स्वतःचं छोटं सँडविचचं दुकान आहे, शाखा नाहीत. गल्ल्याच्या आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

तक्रार सांगायला गर्दीची वेळ निवडू नका. दुपारी चार ते सहा दुकान शांत असतं, शेठ किंवा मॅनेजर तेव्हा हिशेबाला बसलेला असतो. त्याला जाऊन भेटा. आणि "तुमची सर्व्हिस खराब झाली" असं म्हणू नका, त्यातून त्याला काही करता येत नाही. "जैनसाठी वेगळी फळी ठेवा", "कडा काढून हवं असेल तर चिठ्ठीवर लिहा" असं एकच काम सांगा. माझ्याकडे एका आजींनी येऊन सांगितलं होतं की यादीतली अक्षरं वाचता येत नाहीत. मोठ्या अक्षरात छापून घेतली. त्यांनी नुसते तारे कमी दिले असते तर मला कधीच कळलं नसतं.

स्वच्छतेची तक्रार ऐकली गेली नाही तर महानगरपालिकेच्या फूड शाखेत जा. पैशांची असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पण आधी माणसाशी बोला.

सुरसागरकर:
मंडळी, तुमचं ऐकून चारच्या सुमाराला गेले. मॅनेजर तरुण मुलगा आहे, आपल्याच दांडिया बाजारातला निघाला, मराठी बोलतो. बाबांचं सांगितलं. त्याने गल्ल्यावरच्या मुलाला बोलावून सूचनेची जागा दाखवली, माझ्यासमोर "कडा काढून, चटणी कमी" टाइप करून चिठ्ठी काढली. मुलाला खरंच माहीत नव्हतं. सँडविच बरोबर आलं, शेवही वेगळ्या वाटीत दिली. पार्सल घेऊन घरी आले, बाबांनी पूर्ण खाल्लं.

जैन फळीचंही काढलं. तो म्हणाला, ते त्याच्या हातात नाही, सगळ्या शाखांसाठी वरून ठरतं, शेठना विचारून सांगतो. कारेलीबाग ताई, म्हणजे हे अजून अर्धवटच आहे. तुम्ही तुमच्या शाखेतही सांगा. दोन-तीन शाखांमधून एकच मागणी गेली तर लक्ष जाईल.

कारेलीबागची_सून:
नक्की सांगते. सासूबाईंनाही घेऊन जाते. त्यांच्यासमोर नाही म्हणायची हिंमत आजवर कोणी केलेली नाही.

आणंदवाली:
मी इथे सांगते. आणंद मोजा.

तिखटजाळ:
आणि चटणी?

मांडवीचा_केटरर:
तिखटजाळ, "चटणी दुप्पट" असं सूचनेत लिहायला सांगा. घट्ट होणार नाही, पण लागेल.

रावपुरेकर:
रविवारी कारेलीबागच्या शाखेत कोण कोण येतंय? सगळे मिळूनच फळीचं सांगू.

वाघोडियारोड:
मी येतो. पाण्याची बाटली घरून आणतो.

निझामपुरावासी:
मीही. रविवारी रात्री नको, दुपारी साडेचारला भेटू. गाडी आतल्या गल्लीत लावा, समोर लावली की टोइंगवाले उचलतात.